वाळवंटातली बाग सापडेना

जाण्याआधी

बागकाम शिकायला वाळवंटात चालले आहे असं सांगितलं, की लोक आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मग विषय बदलायचे. सोसायटीतल्या एका बाईंनी तेवढं धाडस करून विचारलं, "पण तिकडे बाग असते का हो?" मी म्हटलं, असणारच, नाहीतर या म्हणाले कशाला असते. जाऊन आले, सगळं बघून आले, तरी त्या बाईंना सरळ उत्तर अजून देता आलेलं नाही. त्या जिन्यात भेटल्या की मी घाईत असल्यासारखी पुढे जाते.

पनवेलबाहेर गोवा रस्त्याला लागून एक खासगी कॉलेज आहे. त्याच्या आवाराची जबाबदारी माझ्याकडे आहे. आवार म्हणजे गटारं, दिवे, पार्किंग, भटकी कुत्री आणि बाग. मुख्य इमारतीसमोर मोठी लॉन आहे. फाटकातून आत आलं की समोर ही लॉन आणि पाठीमागे लांबवर कर्नाळ्याचा सुळका, असा फोटो आमच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो. पावसाळ्यात या लॉनवर शेवाळ धरतं आणि मार्चपासून तिला टँकरचं पाणी पाजावं लागतं. चार महिने जिथे छत्रीचा उपयोग होत नाही तिथे पुढे टँकर लागतात, यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांकडेच येतात टँकर.

दिवाळीनंतरच्या बैठकीत संस्थेच्या अध्यक्षांनी प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा टेबलावर ठेवला. म्हणाले, "बघा हात लावून. पाणी नको, खत नको, माळी नको." माळी म्हणजे सुमनताई आणि त्यांच्या हाताखालच्या तिघीजणी. मी म्हटलं, दुसरा काही मार्ग निघतो का ते बघू द्या. तेव्हा कुणीतरी राजस्थानातल्या एका विद्यापीठाचा विषय काढला. भर वाळवंटात आवार, आणि बाहेरून पाण्याचा एक टँकर नाही. अध्यक्ष हसले. "वाळवंटातल्या लोकांना जमतं आणि तुम्हाला पावसाच्या गावात जमत नाही? जा, बघून या. फेब्रुवारीत योजना आणा. नाही आणलीत तर हे," आणि त्यांनी त्या तुकड्यावर थाप मारली.

सुमनताई ओवे गावच्या. त्यांची शेतजमीन होती तिथे आता इमारती आहेत आणि त्या आमच्याकडे लॉन राखतात. मी एकटीचंच तिकीट काढणार होते. त्या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, नोकरी माजी जानार, नि बगायला तुमी एकट्या जानार?"

मी लगेच दोन तिकिटं काढली.

कॅम्पस कधी येणार?

संक्रांत होऊन गेली होती. जोधपूरला उतरून पुढे अर्धा दिवस गाडीने गेलो. विद्यापीठाच्या फाटकावर विमला मॅडम आल्या होत्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि आवारही सांभाळतात. चाळिशीच्या, पायात खेळाचे बूट, डोक्याला घट्ट गुंडाळलेली ओढणी. बोलताना समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवत नाहीत. त्यांनी आम्हाला जीपमध्ये बसवलं आणि रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना वाळू, खडी, काटक्यांचे ढीग आणि अधूनमधून करड्या रंगाची झुडपं. मधेच एखादी पिवळसर दगडी इमारत. बराच वेळ झाला तेव्हा मी नम्रपणे विचारलं, "कैंपस कितना दूर है?"

विमला मॅडमनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे वळून बघितलं. "आप कैंपस में ही हैं."

सुमनताईंनी माझ्या दंडाला कोपर मारलं. "मागची बाजू असंल, मॅडम. पुढली उद्या दाखवतील."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी लॉन दाखवतो आणि मागचं डंपिंग झाकून ठेवतो. इथे उलटी पद्धत असेल.

सामान टाकून फिरायला निघालो. एका वळणावर मात्र छान हिरवीगार झाडं लागली, दाट, झुकलेली. चला, सुरू झालं एकदाचं, असं मनात आलं. तिथे माणसं कुऱ्हाडी घेऊन झाडं तोडत होती. मी घाईघाईने म्हटलं, अहो, ही कशाला तोडता? विमला मॅडम म्हणाल्या की ही विलायती बाभूळ, बाहेरून आणलेली. आजूबाजूचं काही जगू देत नाही, ही काढण्यातच त्यांची पहिली दोन वर्षं गेली. पुढे एका झाडाखाली त्या थांबल्या. पानं जवळजवळ नाहीत, खोड सुरकुतलेलं. त्या खोडावर त्यांनी असा हात ठेवला की जणू ओळख करून देताहेत. खेजडी. म्हणजे आपली शमी, एवढं मला माहीत होतं, पण आपण तिच्याकडे दसऱ्याला बघतो आणि नंतर वर्षभर नाही.

म्हणजे आवारातलं सगळ्यांत हिरवं झाड तोडायचं आणि वाळकं दिसतं त्याला जपायचं. हे मी मनात दोनदा म्हणून बघितलं. बसेना.

विमला मॅडम बोलत होत्या आणि सुमनताई ऐकत होत्या, पण त्यांचा हात रिकामा राहत नाही. लॉनवर उभ्या असल्या तरी बोलता बोलता खाली वाकून तण उपटतात. इथे पायाशी वाळक्या गवताचा एक झुबका होता. झाडूसारखा, राखाडी. सुमनताईंनी तो धरला, दोनदा हिसका दिला आणि मुळासकट काढून बाजूला टाकला. साफसफाई.

विमला मॅडमचं बोलणं थांबलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"ये मरेला था ना?" सुमनताईंनी आपल्या पनवेलच्या हिंदीत विचारलं.

विमला मॅडमनी झुबका उचलला, मुळं बघितली. "अब मरा है," त्या म्हणाल्या.

ते सेवण गवत होतं. हिवाळाभर, उन्हाळाभर असंच वाळकं राहतं आणि पाऊस पडला की बुडातून फुटतं. ते त्यांनी बिया टाकून, राखण ठेवून वाढवलं होतं. सुमनताई त्या दिवशी उरलेला वेळ हात पदरात गुंडाळून चालल्या.

कचरा घालणारे लोक

जेवणात बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरीची भाजी होती. केर हे तिथल्या एका काटेरी झुडपाचं फळ आणि सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा. भाजी मला आवडली, सुमनताईंना पण. फक्त त्यांना जेवणात काहीतरी कमी वाटत होतं. त्यांनी पिशवीतून सुकटीच्या चटणीचा डबा काढला. मी डोळे मोठे केले, पण झाकण उघडलं होतं. पलीकडच्या टेबलावरच्या दोन प्राध्यापकांनी ताटं उचलली आणि दारापाशी जाऊन बसले. वाढणाऱ्या माणसाने खिडक्या उघडल्या. डबा बंद करून पिशवीत गेला आणि पुढचे दिवस सुमनताई आमच्या खोलीच्या मागच्या दगडावर बसून चटणी खात राहिल्या. तिथे एक मोर त्यांच्याकडे एकटक बघायचा. "याला पन पायजेल वाटतं," त्या म्हणायच्या, पण द्यायच्या नाहीत.

न्हाणीघराचं पाणी नळीतून थेट बाहेरच्या डाळिंबाला जात होतं. साबण बेताने वापरा, डाळिंबाला चालत नाही, असं आम्हाला आल्या आल्या सांगितलं होतं. सुमनताईंनी पहिल्या दिवशी कपडे धुतले आणि मग मला विचारत बसल्या की आता ते झाड मेलं तर आपल्याला परत यायला लागेल का.

सकाळी झाडूवाल्या बायका आल्या. आमच्याकडे पानं झाडून ढीग करतात, ट्रॅक्टर येतो, नेतो. इथे त्या रस्त्यावरची पानं झाडून झाडाच्या आळ्यात ढकलत होत्या आणि वरून काटक्या पसरत होत्या. एका आळ्याच्या काठावर पाण्याने भरलेलं मातीचं मडकं पुरलेलं होतं, फक्त तोंड वर. पाणी आतून झिरपत मुळाशी जातं.

"आमी कचरा काढतो, हे कचरा घालतान," सुमनताई म्हणाल्या. "आपल्याकडं असा पाला ठेवला ना, तर सकाळी पयला घोणस निगंल त्यातून."

हे मात्र खरंच होतं. मी विमला मॅडमना विचारलं, साप येत नाहीत का? त्या म्हणाल्या, येतात की, पण मोर आहेत. आता आमच्याकडे मोर कुठून आणायचे? जे जे बघत होते त्याच्यापुढे मनात एक 'पण' येत होता. मडकी पुरली तर पावसाळ्यात तरंगतील. खडी पसरली तर जूनमध्ये वाहून हायवेवर जाईल.

दुपारी त्यांनी कुलगुरूंच्या ऑफिसमागे एक कोपरा दाखवला आणि दाखवताना जरा ओशाळल्या. तिथे छोटीशी लॉन होती. सांडपाणी शुद्ध करून त्यावर जोपासलेली, हिरवी, कापलेली, कडेला झेंडू. माझा जीव भांड्यात पडला. मी फोन काढून फोटोवर फोटो घेतले, अध्यक्षांना दाखवायला काहीतरी मिळालं होतं.

"ये मत खींचिए," विमला मॅडम म्हणाल्या. "ये तो हमारी हार है."

मग त्या एका दगडावर बसल्या आणि सांगायला लागल्या. इथेही प्रवेशाच्या वेळी आईवडील विचारतात, गार्डन कुठे आहे? मुलं सुट्टीत घरी जाऊन सांगतात की कॉलेज उजाड आहे. वरच्या लोकांना पुढच्या पदवीदान समारंभापर्यंत लॉन आणि कारंजं हवं आहे. त्या वरच्या लोकांनी एवढंच कबूल केलं आहे की मागच्या उतारावर लावलेली रोहिडा या तिथल्या झाडाची आणि खेजडीची रोपं जगली, तर विचार बदलू. त्याआधी लावलेली रोपं अर्धी मेली होती.

"का मेली?" मी विचारलं.

"पता नहीं," त्या म्हणाल्या. एवढं बोलणारी बाई दोन शब्दांवर थांबली, तेव्हा त्या मला पहिल्यांदा ओळखीच्या वाटल्या.

म्हणजे आम्ही लॉन वाचवायला इथे आलो होतो आणि या बाई लॉनपासून आवार वाचवत होत्या. मग आम्ही त्यांच्याकडून शिकायचं तरी काय? मी खोलीवर येऊन सुमनताईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग माज्या नोकरीचं काय?"

मावठ

तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. विमला मॅडम वर्गावर होत्या. आम्ही दोघी मागच्या उताराजवळच्या ओसरीत चहा घेत होतो. त्या उतारावरच ती रोपं होती. प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्रासारखा बांध घातलेला, लांबून नखाएवढ्या दिसणाऱ्या चंद्रकोरी उतारभर पसरलेल्या. आधी दोनचार थेंब पडले, मग चांगला सपाटून पाऊस लागला, हिवाळ्यातला, ज्याला तिकडे मावठ म्हणतात. कडक जमिनीवरून पाणी धावत खाली आलं आणि बघता बघता चंद्रकोरी भरल्या. रोपं पाण्यात उभी. वर पानं, खाली डबकं.

पनवेलच्या आजूबाजूला भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. थंडीत मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावतात, ती याच वालाची. या वालाला एकच भीती, जानेवारीतला पाऊस. पाणी साचलं की मुळं काळी पडतात आणि पीक जातं. म्हणून अवकाळी पाऊस आला की माणसं जेवणावरून उठतात, फावडी घेऊन शेतात धावतात आणि बांध फोडून पाणी काढून देतात. सुमनताईंच्या वालाच्या शेतावर आता त्या इमारतींचं पार्किंग आहे, पण पाय तेच.

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, झाडं कुजतील!"

भिंतीला फावडं टेकलेलं होतं. ते उचलून त्या पावसात गेल्या. त्यांना थांबवायला गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मी त्यांच्या मागे गेले ती दुसऱ्या ओळीचे बांध पायाने फोडायला. मलाही ते शंभर टक्के बरोबर वाटत होतं. यजमान वर्गात आहेत, त्यांची रोपं बुडताहेत, आणि आम्ही आहोत म्हणून बरं. भराभर ओळ मोकळी करत गेलो. पाणी खळखळ खाली रस्त्यावर गेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काय करायचं ते समजत होतं, त्यामुळे उत्साह फार होता.

हॉस्टेलच्या गच्च्यांवर मुलं ओरडत होती. आम्हाला वाटलं, आमचं कौतुक. ती पावसासाठी ओरडत होती. विमला मॅडम वर्ग सोडून भिजत, हसत आल्या आणि उताराच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यांचं हसू कसं गेलं ते मी बघितलं.

"ये क्या कर दिया आपने?"

आणि मग त्या गुडघ्यांवर बसून हातांनी चिखल ओढायला लागल्या. सुमनताईंनी फावडं फेकलं आणि त्याही बसल्या. मी बसले. वरून मुलं उतरली, कुणी मेसमधली ताटं आणली, कुणी चपलेने माती ढकलली. फोडायला वेळ लागला नव्हता, भरायला फार लागला. खालच्या ओळी सावरल्या. वरच्या दोन ओळींचं पाणी गेलं ते गेलं. पाऊस तेवढ्यात थांबला, आणि आता पुढचा कदाचित पावसाळ्यातच, असं एक मुलगी म्हणाली. आमच्याकडे न बघता म्हणाली.

संध्याकाळी विमला मॅडम चहाला आल्या नाहीत. सुमनताईंनी सुकटीचा डबाही उघडला नाही.

सकाळी विमला मॅडम आल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण बसल्या जरा लांब. म्हणाल्या, मला फक्त एवढं सांगा, का? सुमनताईंनी सांगायला सुरुवात केली. वाल, ओल, काळी मुळं, फुटणारा बांध, सगळं हातवारे करून, "पानी खड़ा रहा ना, तो सब सड़ जाता, मॅडम, सब." विमला मॅडम ऐकत राहिल्या. माझ्याकडे वळून खात्री करून घेतली.

"आपके यहाँ पौधा पानी से मरता है?"

"हो," मी म्हटलं.

"फिर टैंकर किसलिए?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर समजत नव्हतं. आणि पाऊस पडला की अर्ध्या तासात आवार कोरडं करणारी आमची गटारं, ज्यांचा मला अभिमान आहे, ती डोळ्यांसमोर येऊन मलाही समजेनासं झालं.

निघताना त्यांनी सुमनताईंच्या हातात सांगरीची पुडी दिली. सुमनताईंनी त्यांचे हात धरले. "आमची चूक झाली, ताई. झाडं जगली तर कळवा." हे मराठीतच म्हणाल्या. विमला मॅडमनी मान हलवली.

पनवेल

परतीच्या गाडीत मी योजना लिहायला बसले आणि काहीच लिहून होईना. बांध घातले तर जुलैत लायब्ररीत पाणी शिरेल. पाला ठेवला तर घोणस. मोर नाहीत. सुमनताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "त्या बाईनी सांगितलं त्यातलं एक पन आपल्याला लागू नाय. मग आपुन गेलो कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात आले तर त्या नेहमीसारख्या लॉनवर बसून हरळी उपटत होत्या. आमच्या लॉनचं गवत नर्सरीतून गालिच्यासारखं आणलेलं. त्यात ही गावठी हरळी घुसते आणि चौघीजणी वर्षभर ती काढत असतात. निम्मं काम तेच. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांचा हात मध्येच थांबला होता, मुठीत हरळी.

"मॅडम, हिला कोन पानी घालतं?"

"कुणी नाही."

आम्ही दोघी पार्किंगमागच्या उतारावर गेलो. तिथे पाईप पोचत नाही. हरळी होती. कॅन्टीनच्या भिंतीच्या फटीत होती. गेटबाहेर हायवेच्या कडेला, ट्रकच्या धुरात होती. वर्षानुवर्षं पाणी पाजून आम्ही एक गवत जगवत होतो आणि पाणी न पाजता येणारं दुसरं उपटत होतो, बाहेरची विलायती बाभूळ काढून तिथलंच राखणाऱ्या विमला मॅडमच्या अगदी उलट. हे शहाणपणाचं आहे की वेडेपणाचं, हे त्या सकाळी मला ठरवता आलं नाही. आजही पूर्ण ठरवता येत नाही. पण फेब्रुवारीच्या बैठकीत मी तेच मांडलं. टँकर बंद. आणलेलं गवत मेलं तर मरू दे. हरळी उपटायची नाही, जिथे नाही तिथे लावायची. उन्हाळ्यात सगळं पिवळं होईल, त्याला पिवळं राहू द्यायचं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही काहीच करायचं नाही हे शिकून आलात?"

"जवळजवळ," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. अध्यक्ष नाही हसले. पण प्लास्टिकचं गवत घ्यायचंच आहे तर पावसाळ्यानंतर घेतलं तरी चालेल, एवढं त्यांनी मान्य केलं. पावसात हिरवं झालं तर चौघीजणी राहतील, नाहीतर नाही.

पिवळं

मार्चमध्ये कडा वाळल्या, एप्रिलमध्ये सगळं गेलं. मुलांनी फोटो काढून गमतीजमती लिहिल्या. एका बाईंनी फाटकावर विचारलं, कॉलेज बंद पडलं का? कर्नाळ्याचा डोंगर पाठीमागे नेमका तसाच पिवळा उभा होता, आणि त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं.

विमला मॅडमचा फोटो आला. उतारावरची रोपं, एकावरही पान नाही. खाली लिहिलं होतं, "ज़िंदा हैं, शायद." मी सुमनताईंना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून वरच्या दोन ओळी शोधल्या. "या आपल्या," म्हणाल्या. बाकीच्या ओळींपेक्षा त्या वेगळ्या दिसतात का, हे आम्हाला सांगता येईना.

मेमध्ये अध्यक्ष आले. वाळलेल्या लॉनच्या मध्ये जाऊन बुटाने जमीन खरवडली. धूळ उडाली. "हे जिवंत आहे कशावरून?"

मी योजना तोंडपाठ केली होती, ती एकदम विसरले. सुमनताई खाली बसल्या. वाळक्या गवताची एक काडी खुरप्याने अलगद उकरली. वर काही नाही, पण मातीत पांढरी, गाठीगाठींची मुळी निघाली. ती त्यांनी तळहातावर धरली. "बगा साहेब."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे तण आहे ना?"

"व्हय, तनच हाय."

"तण राखायला मी माळी ठेवू?"

"लॉन तर पाईप राखत होता, साहेब. आमी नुसता धरत होतो." असं म्हणून त्यांनी ती मुळी होती तिथेच ठेवली, माती ओढली, बोटाने खालच्या अंगाला एक छोटा बांध केला, नखाएवढा, आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यात सोडलं. कॉलेजात असं करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

अध्यक्ष बघत उभे राहिले, पाणी जिरेपर्यंत. "पावसानंतर बघू," म्हणाले, आणि गाडीकडे गेले. त्यांच्या आवाजावरून मला काही अंदाज आला नाही. सुमनताईंनी मला विचारलं, "काय वाटतं?" मी म्हटलं, माहीत नाही. हल्ली हे मला लवकर म्हणता येतं.

काल एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले होते. हातात आमचं माहितीपत्रक. मैदानाच्या कडेला उभे राहून त्यांनी फोटो बघितला, इकडे तिकडे बघितलं, मग मला हाक मारली.

"मॅडम, ही लॉन कुठे आहे?"

"तुम्ही तिच्यावरच उभे आहात."

त्यांनी पायाखाली बघितलं आणि पटकन पाऊल उचलून बाजूच्या फरशीवर ठेवलं. म्हणाले, "सॉरी हां."